कोशनोंद : संशोधनाच्या हिशेबात



कोशासाठी नोंद लिहिणारा अध्यापक पदोन्नतीचा अर्ज भरावयास बसतो, तेव्हा विषयतज्ज्ञाने तपासलेली, संपादकाने दुरुस्तीसाठी परत पाठवलेली आणि अखेर लेखकाच्या नावानिशी छापली गेलेली ती नोंद कोणत्या रकान्यात दाखवावयाची, हे त्याला कळत नाही. समकक्ष परीक्षण, म्हणजे महाविद्यालयांत जिला सर्रास पिअर रिव्ह्यू म्हटले जाते ती, त्याच विषयातील दुसऱ्या जाणकाराने प्रकाशनापूर्वी केलेली तपासणी, हा आज संशोधनाचा परवाना मानला जातो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीत भाषा व मानव्यविद्यांतील अशा परीक्षित शोधनिबंधास 10 गुण, संपादित ग्रंथातील प्रकरणास 5 गुण आणि एखाद्या प्रकरणाच्या अनुवादासही 3 गुण ठेवलेले आहेत. कोशनोंदीसाठी मात्र स्वतंत्र ओळ नाही. त्यामुळे कोणी नोंदीला प्रकरण ठरवतो, कोणी तिला सरळ शोधनिबंध म्हणून दाखवतो, आणि जो फार काटेकोर असतो तो तिचा उल्लेखच करीत नाही. यांतील शेवटच्यावर अन्याय होतो हे उघड आहे. परंतु पहिल्या दोघांमुळे कोशाचीच पत जाते, हे कोशक्षेत्रात पुरेसे बोलले जात नाही.

नोंद म्हणजे ज्ञात माहितीचा सारसंग्रह, त्यात संशोधन कसले, हा आक्षेप जुना आहे आणि तो सर्वस्वी खोटाही नाही. एखाद्या नदीची लांबी, तिच्या उपनद्या आणि काठावरील गावे सांगणारी नोंद ही उपयुक्त संकलन असते; तिला संशोधन म्हणणे म्हणजे शब्दाची किंमत उतरवणे होय. परंतु पुण्याच्या डेक्कन कॉलेजात 1948 मध्ये सुरू झालेल्या, ऐतिहासिक तत्त्वावरील संस्कृत महाकोशाच्या प्रकल्पाकडे पाहिले की हा आक्षेप कोठे थांबतो ते दिसते. ऐतिहासिक तत्त्वावरील कोश म्हणजे शब्दाचा अर्थ कोणत्या ग्रंथात प्रथम आढळतो आणि पुढे तो कसकसा पालटत गेला, हे कालानुक्रमे उद्धृतांसह दाखवणारा कोश; त्यासाठी सुमारे 1500 ग्रंथांतून जवळपास एक कोटी चिठ्ठ्या तयार करण्यात आल्या, पहिला भाग 1976 मध्ये निघाला, आणि इतक्या दशकांनंतरही काम ‘अ’ या अक्षरातच चालू आहे. ऋग्वेदापासून पुढे एका शब्दाची वाट शोधताना ग्रंथांचा काळ ठरवणे, पाठभेदांत निवड करणे आणि टीकाकारांनी एकत्र केलेले अर्थ वेगळे करणे, हे सगळे निर्णय त्या नोंदीत असतात. ते दोन ओळींत मावतात म्हणून ते लहान ठरत नाहीत. ज्याची उभी सेवा एका अक्षरात गेली, त्याचे वर्षाकाठचे ‘उत्पादन’ मोजणारी कोष्टके कोणासाठी बनवली गेली, असा प्रश्न येथे सहजच पडतो.

ब्रिटनमधील विद्यापीठांच्या संशोधनाचे जे राष्ट्रीय मूल्यमापन होते, त्याच्या व्याख्येने कोशकार्याला संशोधन म्हणावे का, हा प्रश्न पुष्कळ अंशी सोडवला आहे. नवी अंतर्दृष्टी देणारा शोध म्हणजे संशोधन, असे सांगून ती व्याख्या विद्याशाखांच्या बौद्धिक पायाची निर्मिती व निगा यांनाही संशोधनात सामावून घेते, आणि त्याची उदाहरणे म्हणून शब्दकोश, चिकित्सक आवृत्त्या व सूची यांचा स्पष्ट निर्देश करते. तेथे नोंदीला निबंधाचे सोंग घ्यावे लागत नाही.

महाराष्ट्राला तर हा विचार परका वाटण्याचे कारण नाही. कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून आलेल्या श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोशासाठी लिमिटेड कंपनी काढली, वर्गणीदार मिळवले आणि 23 खंडांचे काम तडीस नेले; त्यांतील पहिले पाच प्रस्तावनाखंड हे संकलनापेक्षा स्वतंत्र इतिहासमीमांसेच्याच अधिक जवळ जातात. त्या काळी गुणांचे कोष्टक नव्हते, हे एका परीने बरेच झाले.

खरी अडचण परीक्षणाच्या स्वरूपात आहे. शोधनिबंध अनाहूत येतो, लेखकाचे नाव झाकून तपासला जातो आणि नाकारलाही जातो. नोंद मात्र निमंत्रणाने लिहिली जाते, तपासणाऱ्याला लेखक ठाऊक असतो, आणि पुष्कळदा निमंत्रण देणारा व तपासणारा एकच असतो. या शेवटच्या प्रकारास संपादन म्हणावे, समकक्ष परीक्षण म्हणू नये. याउलट मराठी विश्वकोशाच्या ज्ञानमंडळांच्या, म्हणजे विषयवार अद्ययावतीकरणासाठी नेमलेल्या तज्ज्ञगटांच्या, अनेक नोंदींखाली लेखकाबरोबर समीक्षकाचेही नाव दिलेले असते. समीक्षकाचे नाव उघड करणारी ही रीत नाव झाकण्याच्या पद्धतीपेक्षा कमी प्रतीची नाही. किंबहुना चूक निघाल्यास तपासणाऱ्यालाही जबाब द्यावा लागतो, ही सोय नियतकालिकांत क्वचितच आढळते. तत्त्वज्ञानाचा स्टॅनफर्ड ज्ञानकोश 1995 पासून याहून पुढे गेला आहे: तेथे नोंद संपादक मंडळाच्या परीक्षणातून जाते, लेखकाने ती वेळोवेळी सुधारावी अशी अपेक्षा असते, आणि जुन्या आवृत्त्या जतन केल्या जातात.

गुण लावले की बाजार भरतो, हेही विसरता येत नाही. शोधनिबंधांना गुण मिळू लागल्यावर नियतकालिकांचे जे पीक आले, त्यातून मे 2018 मध्ये आयोगाला आपल्या यादीतील 4305 नियतकालिके काढून टाकावी लागली. उद्या नोंदीला सरसकट निबंधाचा दर्जा दिला, तर पैसे घेऊन नोंदी छापणारे कोशही निघतील आणि त्यांच्या मुखपृष्ठावर ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द ठळक असेल.

म्हणून विद्यापीठांकडे मागणी करावयाची ती नोंदीला निबंध मानण्याची नव्हे, तर संदर्भग्रंथातील नोंदीसाठी वेगळ्या ओळीची; आणि त्या ओळीत नोंदीचा प्रकार, संकलन की मूळ साधनांवर आधारलेला निर्णय, हे लेखकाने स्वतः लिहावे. मात्र त्याआधी कोशसंस्थांनी आपले दप्तर नीट केले पाहिजे. नोंद कोणी मागवली, संपादकाव्यतिरिक्त कोणी तपासली, काय बदल सुचवले, त्यांतले कोणते स्वीकारले गेले, याचा कागद संस्थेपाशी नसेल, तर लेखकाला दिलेल्या प्रमाणपत्राला अर्थ उरत नाही. ज्या शब्दकोशांत नोंदीखाली नावच नसते, तेथे प्रश्न अधिक बिकट आहे, कारण चिठ्ठ्या करणारा, मसुदा लिहिणारा आणि अंतिम हात फिरवणारा हे तिघे प्रस्तावनेतील एका नामावलीत विरून जातात. अशा कोशांनी निदान यापुढील खंडांत प्रत्येक मसुद्यावरील नावे दप्तरी ठेवावीत आणि मागितल्यास ती लेखी द्यावीत, असा ठराव कोशकारांच्या या परिषदेच्या कार्यकारिणीने विचारार्थ घ्यावा.