असणे, नसणे आणि नव्हे

या भाषणात ज्या प्रश्नाची मांडणी करावयाची आहे, तो वरवर शब्दकोशाचा वाटला तरी मुळात तत्त्वज्ञानाचा आहे. जगात जे जे काही आहे त्याला मराठी भाषा कोणकोणत्या शब्दांनी ओळखते, आणि त्या शब्दांमधील भेद केवळ बोलण्याच्या सवयीचे आहेत की असण्याच्याच निरनिराळ्या तऱ्हांचे, असा तो प्रश्न आहे.

वस्तू, पदार्थ, द्रव्य, चीज, जिन्नस, ऐवज हे शब्द कोशात एकमेकांच्या शेजारी बसतात, परंतु वापरात ते एकमेकांची जागा घेत नाहीत. वाणसामानाच्या यादीत जिन्नस असतात, चोरीच्या फिर्यादीत ऐवज असतो, स्वयंपाकघरात पदार्थ होतो आणि गायनाच्या बैठकीत चीज रंगते. फारसीतून आलेल्या या शेवटच्या शब्दाला तर मराठीने मोलाचा अर्थ असा जोडला आहे की कष्टांचे चीज झाले असे म्हणताना कोणतीही वस्तू डोळ्यांसमोर येत नाही. खुद्द ‘वस्तू’ या शब्दाचा प्रवास याहून लांबचा आहे. सदानंदांच्या वेदान्तसारात वस्तू म्हणजे एकमेव ब्रह्म आणि उरलेले सारे जग अवस्तू. ज्ञानेश्वरांपासूनच्या मराठी संतवाङ्मयातही हा शब्द परतत्त्वासाठी येतो. आणि 2017 पासून देशभर लागू झालेल्या वस्तू व सेवा करात तोच शब्द दुकानातील मालाला लागतो. याला शब्दाची घसरण म्हणणे योग्य होणार नाही, कारण वस्तुस्थिती, वस्तुनिष्ठ, वस्तुतः या सामासिक आणि साधित शब्दांमध्ये ‘जे खरोखर आहे ते’ हा जुना अर्थ आजही शाबूत आहे.

‘पदार्थ’ या शब्दाची हानी मात्र खरी आहे. पदाचा अर्थ, म्हणजे शब्दाने ज्याचा निर्देश होतो ते, अशी त्याची फोड. वैशेषिक दर्शनाच्या प्रशस्तपादांनी पदार्थधर्मसंग्रहात द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष आणि समवाय असे सहा पदार्थ मानले आणि त्या सहांनाही लागू पडणारे तीन धर्म सांगितले: अस्तित्व, अभिधेयत्व म्हणजे शब्दाने सांगता येणे, आणि ज्ञेयत्व म्हणजे ज्ञानाचा विषय होता येणे. या मांडणीत घट जसा पदार्थ आहे तसाच त्याचा तांबडा रंगही पदार्थ आहे, त्याचे घरंगळणेही आणि सर्व घटांना घट ठरविणारे घटत्व हे सामान्यही. विज्ञानाच्या शालेय परिभाषेने हा शब्द जागा व्यापणाऱ्या जडापुरता राखून ठेवल्यामुळे ‘रंग हा एक पदार्थ आहे’ हे सरळ विधान आजच्या विद्यार्थ्याला चुकीचे वाटते, आणि रंग, जर तो पदार्थ नव्हे, तर कोणत्या प्रकारे आहे, हा पुढचा प्रश्न त्याला सुचतच नाही.

वैशेषिकांनी याच ठिकाणी सत्ता आणि अस्तित्व यांत केलेला भेद अधिक बारकाईने पाहण्याजोगा आहे. त्यांच्या मते सत्ता हे सर्वांत व्यापक सामान्य असून ते द्रव्य, गुण आणि कर्म या तिहींतच राहते. सामान्य, विशेष आणि समवाय यांत ते राहत नाही; उदाहरणार्थ, सामान्यातही आणखी एक सामान्य मानले तर कोठेच न थांबणारी मालिका, म्हणजे अनवस्था, ओढवते. तरीही हे तीन पदार्थ नाहीतच असे वैशेषिक म्हणत नाहीत; त्यांना अस्तित्व आहे, सत्ता नाही. गाय चरते, गोत्व चरत नाही, आणि तरीही गोत्वावाचून दोन गायींना एकच नाव देण्याचा आधार उरत नाही. हा शब्दच्छल नव्हे. संख्या, नियम, न्याय, राष्ट्र आणि दगड ही सर्व आहेत असे म्हणताना ती एकाच रीतीने आहेत काय, हा जो प्रश्न प्रत्येक पिढीला नव्याने सोडवावा लागतो, त्यासाठी लागणारे शब्द या परंपरेने घडवून ठेवले होते. मराठीत आज ‘सत्ता’ हा शब्द राज्यकारभाराकडे गेला आहे आणि अनुवादक सर्वांनाच सरसकट ‘अस्तित्व’ देऊन मोकळे होतात.

न्याय-वैशेषिकांच्या उत्तरकालीन परंपरेने अभावालाही सातवा पदार्थ मानले, आणि अन्नंभट्टांच्या तर्कसंग्रहात त्याचे चार प्रकार येतात: घडण्यापूर्वीचा प्रागभाव, फुटल्यानंतरचा प्रध्वंसाभाव, एखाद्या ठिकाणी एखादी गोष्ट मुळीच नसणे हा अत्यंताभाव, आणि एक गोष्ट दुसरी नसणे हा अन्योन्याभाव. ‘जमिनीवर घट नाही’ यात घटाचा जमिनीशी असणारा संबंध नाकारला जातो. ‘घट म्हणजे वस्त्र नव्हे’ यात दोघांची एकरूपता नाकारली जाते. नैयायिकांना ज्यासाठी दोन पारिभाषिक संज्ञा योजाव्या लागल्या, त्यासाठी मराठीच्या सामान्य वक्त्याजवळ ‘नाही’ आणि ‘नव्हे’ ही दोन रूपे आयती आहेत. भूतकाळात दोन्हींना ‘नव्हता’ हे एकच रूप लागत असल्याने हा भेद वर्तमानापुरता राहतो, हे खरे. परंतु वर्तमानातही आता ‘हे काव्य नव्हे’ याऐवजी ‘हे काव्य नाही’ असे लिहिले जात आहे, आणि त्यामुळे एक नेमके साधन हातून निसटत आहे.

होकाराच्या बाजूलाही अशीच समृद्धी आढळते. ‘पाणी थंड आहे’ हे समोरच्या पाण्याविषयीचे विधान, तर ‘पाणी थंड असते’ हे पाण्याच्या स्वभावाविषयीचे. पहिले व्यक्तीकडे पाहते, दुसरे जातीकडे. शिवाय मालकी, नाते आणि अवयव ही सर्व मराठी प्रायः ‘असणे’ या क्रियापदानेच सांगते आणि त्यांच्यातील फरक प्रत्ययांवर व शब्दयोगी अव्ययांवर सोपविते: गाईला शिंगे आहेत, शेतकऱ्याकडे गाय आहे, गाईच्या अंगात ताकद आहे. शिंगे गाईकडे असू शकत नाहीत. जे परस्परांपासून वेगळे करून राहू शकत नाहीत अशांचा संबंध तो समवाय आणि वेगळ्या गोष्टींचा जोड तो संयोग, या शास्त्रीय भेदाची सावली येथे स्पष्ट दिसते. ही जुळणी पूर्ण आहे असा दावा मात्र करता येणार नाही, कारण ‘मला बहीण आहे’ यातील नाते ‘ला’ घेत असले तरी ते समवाय नव्हे.

मोरो केशव दामले यांचे 1911 चे शास्त्रीय मराठी व्याकरण आणि भीमाचार्य झळकीकर यांचा न्यायकोश हे ग्रंथ एकत्र वाचले जात नाहीत. एक भाषेच्या अभ्यासकाकडे जातो, दुसरा दर्शनांच्या. ‘असणे’ या क्रियापदाचा प्रत्येक प्रयोग कोणता संबंध व्यक्त करतो याची सोदाहरण नोंद करणारा कोश या दोन्हींच्या आधारे सिद्ध व्हावा, अशी या व्यासपीठावरून सूचना करण्यात येत आहे. त्यात वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी यांतील असण्यानसण्याची रूपे परिशिष्टात न ढकलता आरंभापासूनच घ्यावीत, कारण प्रमाण लेखनात पुसट होत चाललेला एखादा भेद बोलीत अजून जिवंत असू शकतो.