लेखन सुबोध कसे होईल?
(वर्धापनदिनाच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्याख्यानाचा विषय कळवताना चिटणीसबाईंनी मला एक अट घातली होती : व्याकरणाचा तास घेऊ नका, बायका उठून जातील. ती अट मला मान्य आहे. मी इथे कुणाला लेखिका बनवायला आलेली नाही. ज्यांना कथा-कादंबऱ्या लिहायच्या असतील त्यांनी जरूर लिहाव्यात. पण ज्या बाईने जन्मात कथा लिहिली नाही तिलाही आठवड्यातून चार वेळा काही ना काही लिहावे लागतेच. सोसायटीला अर्ज, मुलाच्या शाळेला चिठ्ठी, मंडळाची सूचना, सभेचे इतिवृत्त, आणि हल्ली दिवसभर चालणारे मोबाईलवरचे निरोप. हे सारे लेखनच आहे. कथा कुणाला कळली नाही तर फारसे बिघडत नाही. अर्ज कळला नाही तर नळाला पाणी येत नाही.

मौज अशी, की बोलताना आपण कुणीच दुर्बोध नसतो. 'काल दिलेल्या मेथीत निम्मा चिखल होता, आज जुडी बदलून द्या,' असे आपण भाजीवाल्याला सांगतो. याहून सुबोध वाक्य कोण लिहील? काय झाले, केव्हा झाले आणि आता काय हवे, सगळे त्यात आले. तीच बाई हातात लेखणी धरते आणि लिहिते, 'आपणांस विनंतीपूर्वक कळविण्यात येते की, गतदिनी आपल्याकडून पुरविण्यात आलेल्या पालेभाजीच्या दर्जासंबंधी...' भाजीवाला बिचारा गाडी घेऊन पळून जाईल! लेखणी हाती आली की आपण भाषेला पैठणी नेसवतो. पैठणी लग्नकार्यात शोभते. ती नेसून कुणी भांडी घासायला बसत नाही.

ही नुसती थट्टा नाही. आमच्या गल्लीत पोळ्यांची कामे करणारी एक बाई आहे. नवरा वारल्यानंतर मुलीची वर्षाची फी एकदम भरणे तिला जमेना, म्हणून तिने एका ओळखीच्या गृहस्थांकडून शाळेला अर्ज लिहून घेतला. अर्ज चांगला दीड पान होता. पहिल्या परिच्छेदात महागाई, दुसऱ्यात नवऱ्याचे आजारपण, तिसऱ्यात 'आपण मायबाप आहात', आणि अगदी तळाशी 'तरी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा.' कशाचा विचार? फी माफ करावी, कमी करावी की उशिरा घ्यावी? अर्ज परत आला, वर 'नेमकी मागणी लिहा' असा शेरा. शेरा कोरडा होता, पण खोटा म्हणता येईना.

मग ती माझ्याकडे आली. मी तिला विचारले, 'बाई, तुला हवे तरी काय?' ती म्हणाली, 'अर्धे पैसे जूनमध्ये देते, अर्धे ऑगस्टमध्ये देते, एवढंच म्हणणं आहे.' तेच आम्ही लिहिले. 'माझी मुलगी आपल्या शाळेत आठवीत आहे. तिची ६,००० रुपये फी मी एकदम भरू शकत नाही. ३,००० रुपये १० जूनला आणि ३,००० रुपये १० ऑगस्टला भरीन. अशी परवानगी द्यावी.' चार वाक्ये. वाचून दाखवल्यावर ती म्हणाली, 'हे तर माझंच बोलणं झालं.' परवानगी मिळाली; दुसरा हप्ता मात्र शाळेने ऑगस्टऐवजी जुलैतच मागितला. स्पष्ट लिहिले म्हणजे मागाल ते सगळे पदरात पडते असे नाही. पण स्पष्ट अर्जाला 'हो' किंवा 'नाही' म्हणता येते. अस्पष्ट अर्जाला कुणी 'नाही'सुद्धा म्हणत नाही, तो नुसता पडून राहतो.

आता आपल्या मराठीतल्या काही गमती सांगते. बोलताना त्या अडत नाहीत, कारण हातवारे असतात, स्वर असतो आणि समोरची बाई लगेच विचारते. कागदाला कोण विचारणार? 'परवा' हा शब्दच पाहा. होऊन गेलेला दिवसही परवा आणि येणारा दिवसही परवाच. 'परवाची सभा रद्द' असा कागद फळ्यावर लागतो, तो एक जण आज वाचते, दुसरी उद्या वाचते, आणि दोघींचा परवा वेगळा. तारीख घाला, वार घाला, वेळ लिहिताना सकाळ की संध्याकाळ तेही घाला.

'आपण' हा असाच एक सोज्ज्वळ शब्द. 'आपण जिना झाडून घ्यावा' असे लिहिले तर वाचणारीला वाटते, हे मला सांगत आहेत. लिहिणारीच्या मनात मात्र 'आपण सगळ्या मिळून' असे असते. तिथून भांडणे लागतात. 'आपण सगळ्या मिळून जिना झाडू या' असे लिहायला दोनच शब्द जास्त लागतात.

तिसरी गंमत आदरार्थी बहुवचनाची. 'सासूबाईंनी वन्संना सांगितले की त्यांची पेटी त्यांच्या खोलीत राहिली.' कुणाची पेटी, कुणाच्या खोलीत? मान राखण्याच्या नादात पेटी हरवली. अशा वेळी नाव किंवा नाते पुन्हा लिहायला संकोचू नये. एकच शब्द दोनदा आला तर वाक्य विद्रूप होते अशी समजूत शाळेत कुणीतरी आपल्या डोक्यात घालून ठेवली आहे. ती काढून टाका.

आणि 'च'! केवढेसे अक्षर. 'मीच लाडू केले', 'मी लाडूच केले', 'मी लाडू केलेच' : तीन वाक्ये, तीन वेगळ्या बायका. पहिली मान मागते, दुसरी चकल्यांची चौकशी टाळते आणि तिसरी भांडून आलेली आहे. तेव्हा 'च', 'ही', 'फक्त', 'तरी' ही चिमुकली मंडळी कुठे बसवायची ते पाहून बसवावे.

'च्या'ची आगगाडी तुम्हांला ठाऊक असेलच. 'मंडळाच्या वाचनालयाच्या खोलीच्या दाराच्या कुलपाच्या किल्लीच्या बाबतीत...' डबे जोडले जातात, इंजिन कुठे दिसत नाही. दोन वाक्ये करावीत. पूर्णविरामाला पैसे पडत नाहीत. जुन्या मोडी कागदांत तर शब्दसुद्धा तोडून लिहीत नसत. इंग्रजीतली विरामचिन्हे मराठीत आणण्याचे श्रेय एकोणिसाव्या शतकातल्या मेजर कँडी या साहेबाला देतात. इतक्या खटपटीने हाती आलेली वस्तू आहे, तर ती वापरावी.

पण हे सगळे किरकोळ. लिहिताना जे खरोखर चुकते ते निराळेच : आपल्याला जे ठाऊक आहे ते वाचणारीलाही ठाऊक आहे असे आपण धरून चालतो. आपल्या आजीच्या पाककृतींच्या वह्या आठवा. 'पीठ अंदाजाने, मोहन बेताचे, पाक झाला की उतरवावे.' आजीला अंदाज होता, म्हणून तिने 'अंदाजाने' लिहिले. नात ओट्याशी उभी राहून विचार करते, की अंदाज म्हणजे किती आणि पाक झाला हे कळायचे कसे? १९७० साली कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' निघाले. त्यात प्रमाण घरच्या वाटी-चमच्याने दिले होते. नवा संसार मांडलेल्या कितीतरी मुलींनी ते पुस्तक ओट्यावर उघडे ठेवून स्वयंपाक केला. त्या लेखनाला कुणी वाङ्मय म्हणत नसेल, पण माझ्या मते सुबोध मराठी गद्याचा तो उत्तम नमुना आहे. पुस्तक लिहिताना कमलाबाईंच्या डोळ्यांसमोर वाचणारी मुलगी होती, आणि तिच्या हातात तराजू नाही हे त्यांना ठाऊक होते.

कुणी म्हणेल, साधे लिहिले तर लेखनाला भारदस्तपणा कुठून यायचा? तर लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' पाहा. १९३४ पासून ती पुस्तकरूपाने निघू लागली. लक्ष्मीबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या, अक्षरओळख लग्नानंतरची. त्या जशा बोलत असतील तशाच लिहीत गेल्या असे वाटते, आणि पुष्कळ पदवीधरांची पुस्तके विस्मृतीत गेली तरी हे पुस्तक आजही घरोघर वाचतात. त्याहून मागे गेले तर १८५५ सालच्या 'ज्ञानोदय' पत्रात मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीचा निबंध सापडतो. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातल्या शाळेतली ही विद्यार्थिनी. मांग-महारांचे दुःख हा तिचा विषय. अन्याय झाला एवढे लिहून ती थांबली नाही. तो कुणी केला तेही तिने लिहिले. त्या काळात, त्या वयात, तिच्या जातीतल्या मुलीने असे लिहायला किती धैर्य लागले असेल याचा विचार करा.

कुणी केले ते लिहिणे : इथे मला आपल्या मंडळाविषयीच थोडे बोलायचे आहे, आणि ते गोड मानून घ्यावे. या व्याख्यानाच्या निमित्ताने मी मंडळाच्या जुन्या वह्या मागवून वाचल्या. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि मुठेचे पाणी पेठांत शिरले, हे पुण्यात कुणाला सांगायला नको. त्या महिन्याच्या इतिवृत्तात आपल्या मंडळाची एवढी एकच ओळ आहे : 'पूरग्रस्तांसाठी पोळ्या व भाजी तयार करून पाठविण्यात आली.' अक्षर मोत्यासारखे. पण पोळ्या कुणी लाटल्या? किती लाटल्या? कुठे पाठवल्या, आणि पोचवल्या कुणी? त्या दिवशी खडकवासल्याचेही धरण फुटले होते आणि शहराचा पाणीपुरवठा कोलमडला होता. मग कणीक कोणत्या पाण्यात मळली? वहीला यातले काही ठाऊक नाही.

त्या वर्षी सून म्हणून आलेल्या एक आजी अजून आपल्यात आहेत. आज नव्वदीला टेकल्या आहेत. मी त्यांच्याकडे जाऊन बसले. त्या म्हणाल्या, 'अगं, वाड्यातल्या विहिरीचं पाणी, उकळून घेतलेलं. पीठ घरटी शेर-शेर जमवलं. सात जणी होतो, रात्री दोनपर्यंत लाटत होतो. एकीचं माहेर नदीकाठी, तिला घरच्यांची खबर नव्हती. ती रडत होती आणि लाटत होती.' सातांपैकी पाच नावे त्यांना आठवली. जिचे माहेर नदीकाठी होते तिचे नाव काही केल्या आठवेना.

भगिनींनो, 'करण्यात आले', 'पाठविण्यात आले', 'देण्यात आले' या शब्दांनी हे केले. कर्ता सांगायचा नसेल किंवा सांगण्याची गरज नसेल, तिथे हा प्रयोग बरा आहे. त्याच्यावर बंदी घाला असे मी म्हणत नाही. सरकारी आदेशात तो शोभत असेल. पण आपल्या वह्यांत तो का शिरला? स्वतःचे नाव लिहिणे बाईला त्या वेळी बरे दिसत नसे, हे मला समजते. मात्र त्याच वहीत, त्याच वर्षी, समारंभाला आलेल्या पाहुण्या गृहस्थांचे नाव, त्यांची पदवी आणि त्यांना घातलेल्या हाराचा सव्वा रुपया खर्चही नीट लिहिलेला आहे. म्हणजे नावे लिहिता येत होती. नऊवारी खोचून लाटणाऱ्या सात जणींचीच तेवढी राहिली.

यंदाच्या अहवालाचा कच्चा मसुदा चिटणीसबाईंनी मला दाखवला. त्यात 'आरोग्य शिबिराचे आयोजन करण्यात आले', 'साड्यांचे वाटप करण्यात आले', 'भगिनींनी बहुसंख्येने उपस्थिती दर्शविली' अशी वाक्ये आहेत. ती अशी करून पाहा : 'कल्पनाताई आणि पुष्पाताईंनी शिबीर भरवले', 'बत्तीस साड्या वाटल्या', 'सत्तर जणी आल्या'. (नावे मी उदाहरणादाखल घेतली, रुसवा नको.) वाक्य आखूड होते, कागद वाचतो, आणि वर माहितीही जास्त मिळते. असे सुधारायचे असेल तर लिहिलेला कागद एक रात्र झाकून ठेवावा, इडलीच्या पिठासारखा, आणि सकाळी मोठ्याने वाचावा. जिथे श्वास अडतो तिथे वाक्य तोडावे. जो शब्द शेजारणीशी बोलताना तोंडातून येणार नाही त्याच्याभोवती पेन्सिलीने वर्तुळ काढावे. काही वर्तुळे तशीच ठेवावी लागतील, कारण 'इतिवृत्त' किंवा 'ठराव' यांना दुसरा शब्द नाही. बाकीची खोडावीत.

अध्यक्षबाईंच्या परवानगीने एक सूचना करते. येत्या बुधवारी, म्हणजे वर्धापनदिनानंतरच्या पहिल्या बुधवारी, दुपारी तीन वाजता वाचनालयाच्या खोलीत आम्ही चौघी अहवाल पुन्हा लिहायला बसणार आहोत. येताना पेन्सिल आणावी. आणि १९६१ च्या जुलैत कुणाच्या आईचे, सासूबाईंचे किंवा आजीचे माहेर नदीकाठी होते, आणि त्या रात्री त्या आपल्या मंडळात पोळ्या लाटत होत्या, असे कुणी घरात ऐकले असेल, तर तिने कृपा करून त्यांचे नाव घेऊन यावे. वहीत त्या ओळीखाली थोडी जागा कोरी आहे.