घरातले माप आणि गेलेले माणूस

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयाचे नाव वाचून काहींना नवल वाटले असेल. घरातले अन्न वाया जाणे आणि घरातले माणूस जाणे, यांचा एकमेकांशी काय संबंध? आम्ही बँकेत कारकून आहोत. वारसाचे अर्ज, नॉमिनीच्या सह्या, मृत्यूचे दाखले आमच्या काउंटरवर नेहमीच येतात. कागद पुरे होईपर्यंत माणसाला तीन-चार वेळा यावे लागते. तेवढ्यात ओळख होते आणि मग माणसे घरचे बोलू लागतात. पैशाबद्दल बोलतात हे खरे, पण स्वयंपाकाबद्दल त्याहून अधिक बोलतात. "भाऊ, हात आवरत नाही हो, अजून पाच जणांचाच भात टाकते," हे वाक्य आम्ही एकदा नव्हे, अनेकदा ऐकले आहे.

हे का होते याचा आम्ही पुष्कळ विचार केला. आपल्या घरात माप कागदावर लिहिलेले नसते, ते हातात असते. डब्यातली वाटी किती वेळा बुडवायची, पिठाच्या किती मुठी घ्यायच्या, हे हात आपोआप करतो. माणूस गेल्याचे डोक्याला कळते, हाताला कळायला महिने लागतात. आणि खरे सांगायचे तर हाताला कळूनही पुष्कळदा मन तयार नसते. एक वाटी कमी करणे म्हणजे त्या माणसाला आपणच घराबाहेर काढल्यासारखे वाटते. म्हणून भांडे भरते, रात्री उरते, सकाळी आंबते आणि बाहेर जाते. त्या माऊलीला मग दोनदा दुःख होते, एक माणसाचे आणि एक अन्नाचे. तिला "एवढे कशाला करतेस?" असे वरच्या आवाजात विचारणारे घरात कोणीतरी असतेच!

आता थोडा हिशेब, कारण हिशेब हा आमचा धंदा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार २०२२ या एका वर्षात जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातले सुमारे साठ टक्के हॉटेलांतून किंवा दुकानांतून नव्हे, तर घरांतून गेले. भारतातील घरांचा अंदाज माणशी वर्षाला ५५ किलो असा आहे. यात साली, देठ, हाडेही धरलेली आहेत हे लक्षात ठेवावे. तरी रोजचे माणशी दीडशे ग्रॅम होतात. त्याच वर्षी जगात कोट्यवधी माणसे उपाशी होती.

पण आपल्या समाजापुढे हा विषय मांडताना आकड्यांवर भागत नाही. 'शिळे' हा शब्द आपल्याला जिव्हारी लागतो. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी गावात दारोदार फिरून भाकरी मागून आणली, त्यांना कोणी उठून "शिळे टाकू नका, खा" असे सांगितले तर राग येणे स्वाभाविक आहे. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला परिषद भरली, तेव्हा बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्टे-शिळे तुकडे सोडून द्या असे आपल्या लोकांना बजावले होते. चवदार तळ्याचे पाणी सर्वांना आठवते, ही दुसरी गोष्ट तेवढी आठवत नाही. आम्हाला असे वाटते की बाबासाहेबांनी नाकारायला सांगितले ते दुसऱ्याच्या ताटातले, उपकार म्हणून फेकलेले अन्न. आपल्या कमाईचे, आपल्या चुलीवरचे, आपण झाकून ठेवलेले अन्न दुसऱ्या दिवशी खाणे यात हलकेपणा कसला? उलट ज्या घरांना कधी पुरेसे मिळालेच नाही त्या घरांनी राखून खाण्याची विद्या जपली होती. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक विद्यार्थ्यांनी जरूर वाचावे. आपल्या आया काय शिजवत, काय वाळवून ठेवत, हे त्यात लाज न बाळगता सांगितले आहे.

आणखी एक गोष्ट. महाडच्या परिषदेआधी आठ महिने, जुलै १९२६ मध्ये, बाबासाहेबांचा लाडका मुलगा राजरत्न गेला. त्याआधी गंगाधर, रमेश, इंदू ही मुले गेलेली होती. राजरत्न गेल्यानंतर त्यांनी दत्तोबा पवारांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. ज्या माणसाला आपण पुतळ्यावरून ओळखतो, तो बाप म्हणून किती मोडून गेला होता हे त्यावरून कळते. तेव्हा "आपण बुद्धाचे अनुयायी, आपण रडायचे नाही" असे जे काही कार्यकर्ते मयताच्या घरी जाऊन सांगतात, त्यांनी कृपा करून ते थांबवावे. अनित्यता समजणे म्हणजे डोळे कोरडे ठेवणे नव्हे.

किसा गोतमीची कथा आपण दरवर्षी ऐकतो. मेलेले मूल कडेवर घेऊन ती औषध मागत आली, तेव्हा भगवंतांनी तिला मोहरी आणायला सांगितली, ज्या घरात कोणी मेलेले नाही अशा घरातली. आम्हाला या कथेत एका साध्या गोष्टीचे फार कौतुक वाटते. भगवंतांनी तिला प्रवचन दिले नाही. स्वयंपाकघरातला जिन्नस मागायला पाठवले. मोहरी प्रत्येक घरात होती, मृत्यूही प्रत्येक घरात झालेला होता. घरोघरी बायका तिच्याशी बोलल्या असतील, आपले कोण गेले ते सांगितले असेल. त्या बोलण्यातून तिला उमगले.

आता अनिश्चिततेकडे येऊ. माणूस जातो तेव्हा पोकळी होते, पण नोकरी जाते की राहते हे कळत नाही तेव्हा भीती असते, आणि भीती घरात साठा करवते. आमच्या आईवडिलांनी १९७२ चा दुष्काळ पाहिला, लाल मिलोची भाकरी आणि सुकडी खाल्ली. ती पिढी आजही डबा अर्धा झाला की अस्वस्थ होते. मुंबईत जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला, ज्या घरांनी तो सोसला त्यांचेही तसेच. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा ज्यांच्या हाती पैसा होता त्यांनी पोतीच्या पोती भरली. पुढे पावसाळ्यात पिठाला जाळी धरली, तांदळात टोके झाले. भीतीने घेतलेले धान्य किड्यांनी खाल्ले. ज्यांची मजुरी बुडाली त्यांना तर साठा करण्याची चैनही नव्हती, हेही सांगितले पाहिजे.

यावर उपाय काय? आम्ही पाहिलेली एक रीत सांगतो. एका ताईंनी पती गेल्यानंतर वाटीच बदलली. जुनी वाटी घासून पतीच्या फोटोजवळ ठेवली आणि रोजच्या मापाला नवी, लहान वाटी घेतली. जुनी वाटी तिथे असल्यामुळे कोणाला बाहेर काढल्यासारखे वाटले नाही, आणि हाताला नवे माप शिकता आले. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी निदान रात्री उरलेले काय आणि किती एवढे कॅलेंडरवर लिहावे. आठ दिवसांत आकडा स्वतःच बोलू लागतो. दुःखात मोठे काही सुचत नाही, एवढे मोजणे मात्र जमते.

उरलेल्या अन्नाविषयी आमच्या भगिनींना आम्ही काय शिकवणार? चपातीचा कुस्करा, भाकरी-ताकाचा काला, उरलेल्या डाळीत पीठ मळून थालीपीठ, हे त्यांनाच आम्हाहून अधिक येते. फक्त भाताविषयी सावध राहावे. भातातले काही जंतू शिजवूनही मरत नाहीत. भात तासन्‌तास कोमट राहिला तर ते वाढून विष तयार करतात आणि ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. म्हणून भात उरला तर पसरट भांड्यात काढून लवकर गार करावा आणि फ्रीजमध्ये ठेवावा. फ्रीज नसेल तर उन्हाळ्यात भात मुळातच एक मूठ कमी टाकावा. वास आला तर जिवावर उदार होऊन खाऊ नये. दवाखान्याचे बिल भातापेक्षा महाग असते.

विद्यार्थ्यांसाठी एवढेच की मेसमध्ये पहिल्यांदा अर्धे वाढून घ्यावे, दुसऱ्यांदा मागायला लाजू नये. भिक्षूंच्या विनयात भाताची शिते असलेले पात्राचे पाणी वस्तीत फेकू नये असाही नियम आहे. इतक्या बारीक गोष्टीकडे लक्ष होते.

दुःख कधी आजार होतो हेही ओळखले पाहिजे. आठवडेच्या आठवडे झोप नाही, अन्न नको, जगण्यात अर्थ वाटत नाही, असे झाले तर डॉक्टरकडे जावे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये टेली-मानस ही सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते, मराठीतही. मानसोपचार म्हणजे वेड ही समजूत आपल्या वस्त्यांत अजून फार आहे.

शेवटी संस्थेपुढे एक सूचना. मयताच्या घरी पहिल्या दिवशी आठ घरांतून पिठले-भाकरी येते आणि पाचव्या दिवशी कोणीच फिरकत नाही. पहिल्या दिवशीचे निम्मे गटारात जाते. महिला मंडळाने पाळी लावावी, रोज एका घरानेच डबा द्यावा, आणि देणाऱ्याने तिथे बसून सोबत जेवावे. पुण्यानुमोदनाच्या जेवणाला किती माणसे येतील याचा अंदाज कधीच लागत नाही, म्हणून डाळ-भाजी एकदम करावी, पण तांदूळ दोन घाण्यांत शिजवावा, दुसरा घाणा पंगत पाहून. उरलेला कोरडा शिधा त्याच घरात ठेवावा, पुढचे दोन आठवडे त्यांना तो लागतो. पदाधिकाऱ्यांनी पुढच्या बैठकीत यावर विचार करावा अशी विनंती करतो आणि आपली रजा घेतो.