निवेदिकेची बोटं

व्याख्यानाचा छापील विषय होता ‘निवेदन : आवाज आणि उच्चार’. वाचनालयाच्या पटांगणात जमलेली मंडळी ‘श’ आणि ‘ष’ यांतला फरक ऐकायच्या तयारीने बसली होती. रेडिओवरून निवृत्त झालेल्या वक्त्या बाई उभ्या राहिल्या त्या मात्र पिशवीतून एक लाकडी डबा काढूनच. डब्यावर तीन कळा, दोन खुंट्या आणि एक लाल दिवा. “माझा आवाज तुम्ही पुष्कळ ऐकलात. आज माझी बोटं बघा,” त्या म्हणाल्या, आणि छापील विषय तिथेच मागे पडला.

त्यांचं म्हणणं ठाम होतं. निवेदकाची खरी तालीम गळ्याची नसते, हाताची आणि कानाची असते. निवेदकाच्या कन्सोलवर माइक एकच असतो, पण त्याला वाटा दोन. एक कळ आवाज प्रक्षेपणावर सोडते. दुसरी, टॉकबॅकची, तोच आवाज प्रक्षेपणावरून काढून निर्मात्याच्या किंवा तंत्रज्ञाच्या कानात नेते. ती दाबून धरावी लागते. बोट उचललं की स्प्रिंगने परत वर येते. तिसरी खोकल्याची. ती दाबली असेपर्यंत माइक मुका. हेडफोनच्या एका कानात चालू कार्यक्रम, दुसऱ्यात निर्मात्याच्या सूचना, आणि दोन्हींचा आवाज कमीजास्त करायला वेगवेगळ्या खुंट्या. माइक उघडला की खोलीतला स्पीकर आपोआप बंद होतो, नाहीतर तोच आवाज माइकमध्ये शिरून किंचाळी उठेल. क्रिकेटचं समालोचन कसं चालतं ते तुम्हाला ठाऊकच आहे, असं म्हणून बाईंनी तो भाग एका वाक्यात उरकला. त्यात मराठी समालोचक बाळ ज. पंडितांचं नाव घेतलं तेव्हा पुढच्या दोन रांगांतून टाळ्या आल्या.

बीबीसीच्या जुन्या कन्सोलांवर फेडर, म्हणजे आवाजाची सरकती दांडी, स्वतःकडे ओढला की आवाज उघडत असे. हे सांगताना बाईंनी कोपर मुद्दाम टेबलावर पुढे सरकवलं. चुकून असा धक्का बसला, तर फेडर बंदच व्हायचा. “ज्याने ही रीत पाडली, त्याला माणसाचं कोपर माहीत होतं!” पटांगण हसलं.

मग आली ती गोष्ट, जिला टिपणात बहुधा दोनच ओळी होत्या. एका केंद्रावर रात्रपाळी. गाणं संपलं, माइकची कळ वर, लाल दिवा लागला, पुढच्या कार्यक्रमाची घोषणा सुरू. घोषणा चालू असतानाच काचेपलीकडून तंत्रज्ञ दोन्ही हात हलवू लागला. बाईंना वाटलं, वेळ संपत आली, म्हणून त्या भरभर वाचू लागल्या. खरं कारण वेगळंच होतं. गाणं चालू असताना त्यांनी टॉकबॅकवरून काहीतरी विचारलं होतं आणि बोट उचलल्यावरही ती कळ वर आलीच नव्हती. स्प्रिंग थकलेली. सगळी घोषणा एकट्या तंत्रज्ञाने ऐकली. श्रोत्यांपर्यंत गेली ती नुसती शांतता. “दिवा लागलेला होता हो!” बाई आजही तेवढ्याच कळवळून म्हणाल्या. दिवा सांगतो की कळ वर आहे. आवाज बाहेर पोचतोय का, हे फक्त कान सांगतो. आणि गरम होतं म्हणून त्यांनी हेडफोन एका कानावरून सरकवला होता, नेमका कार्यक्रमाच्या. तंत्रज्ञाने त्याच रात्री बॉलपेनमधली स्प्रिंग कापून कळेत बसवली. चार दिवसांनी एका श्रोत्याचं पोस्टकार्ड आलं : परवा रात्री मध्येच गप्प झालात, तब्येत बरी आहे ना?

ते पोस्टकार्ड बाईंनी अजून जपलंय. ते त्यांनी वर धरलं, आणि पटांगणात क्षणभर कुणी हललं नाही.

तिथून, मुक्या राहिलेल्या माइकवरून उघड्या राहिलेल्या माइकवर, त्या समालोचक डीन जोन्सवर आल्या. ऑगस्ट 2006, कोलंबोची कसोटी. दक्षिण आफ्रिकेच्या हाशिम अमलाने झेल घेतला आणि जोन्सने त्याला दहशतवादी म्हटलं. जाहिराती चालू आहेत अशी त्याची समजूत होती. दक्षिण आफ्रिकेत मात्र त्याचा आवाज जसाच्या तसा गेला आणि त्याची नोकरी गेली. त्याच्या दोन वर्षं आधी ब्रिटनमध्ये फुटबॉल समालोचक रॉन ॲटकिन्सनचं असंच झालं. सामना संपला, देशातलं प्रक्षेपण थांबलं, पण मध्यपूर्वेतल्या काही देशांत माइक ऐकू येत राहिला. बाईंच्या मते दोघांची चूक एकच : दुसऱ्या कुणीतरी बंद केलं असेल यावर ते विसंबले.

मागून एक गृहस्थ उठले. “ताई, चूक कळेची की मनाची? मनातच तसलं नसतं, तर कळ उघडी राहून काय बिघडलं असतं?”

बाई जरा तडकल्या. मन सुधारायचं काम व्याख्यानमालेचं, त्यांनी शिकवली ती माणसं कन्सोलवर बसायची. मग डब्याकडे बघत थोड्या थांबल्या आणि म्हणाल्या, “तुमचं खरं आहे. खोकल्याची कळ खोकल्यासाठीच असते.”

एवढ्यात अध्यक्षांची चिठ्ठी आली : पाच मिनिटं. आवाजाची निगा, पाणी, श्वास, ‘श’ आणि ‘ष’ असं सगळं तीन मिनिटांत झालं. उरलेल्या दोन मिनिटांसाठी त्यांनी पुढे बसलेल्या शाळकरी मुलीला वर बोलावलं.

मुलगी वाकून कळा शोधत एकाच बोटाने दाबू लागली. बाईंनी तिची हनुवटी हलकेच वर उचलली, तर्जनी टॉकबॅकवर ठेवली, करंगळी खोकल्याच्या कळेवर. “खाली बघू नकोस,” त्या म्हणाल्या. “आता पुन्हा.”