जर्मन लढाऊ वैमानिक : कौशल्य आणि परिस्थिती



बेळगावला दुसरे महायुद्ध परके नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र याच शहरात आहे. या पलटणीचे जवान इटलीत जर्मन सैन्याशी झुंजले आणि नाईक यशवंत घाडगे यांना १९४४ साली तेथेच वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. शहरालगतचा सांबऱ्याचा विमानतळही १९४२ साली त्याच महायुद्धाच्या गरजेतून उभा राहिला आणि प्रशिक्षणाच्या कामी आला. प्रशिक्षणाचे मोल काय असते, हे मात्र त्या युद्धातील शत्रूच्या कथेतून अधिक स्पष्ट होते.

एरिख हार्टमान या जर्मन वैमानिकाच्या नावावर ३५२ विमाने पाडल्याची नोंद आहे. अमेरिकेचा अग्रगण्य वैमानिक रिचर्ड बाँग याची संख्या ४० आहे. एवढी तफावत केवळ शौर्याने पडत नाही.

पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीला हवाई दल ठेवण्यास बंदी केली. तेव्हा तेथील तरुण इंजिनाविना तरंगणाऱ्या ग्लायडरवर वाऱ्याशी ओळख करून घेऊ लागले. हार्टमानला ही विद्या त्याच्या आईनेच शिकवली. पुढे स्पेनच्या यादवी युद्धात वेर्नर म्योल्डर्सने जोडीजोडीने उडण्याची पद्धत रूढ केली : एकाने हल्ला करावा, दुसऱ्याने त्याची पाठ राखावी. हार्टमानची स्वतःची रीत संयमाची होती. आधी नीट पाहावे, अगदी जवळ जाऊन क्षणभरच मारा करावा आणि गुंतून न राहता निघून जावे.

परंतु त्या संख्येमागे आणखी एक कारण होते आणि ते अभिमानाचे नव्हते. ठरावीक कामगिरी झाली की इंग्रज व अमेरिकन वैमानिकाला आघाडीवरून मागे घेत आणि पुष्कळदा शिक्षक म्हणून नेमत. जर्मन वैमानिकाला सहसा अशी सुटका नव्हती. तो मरेपर्यंत, जायबंदी होईपर्यंत किंवा युद्ध संपेपर्यंत लढत राही. हार्टमानने सुमारे १४०० उड्डाणे केली. १५८ विमाने पाडणारा हान्स-योआखिम मार्सेय १९४२ साली आफ्रिकेच्या वाळवंटात वयाच्या अवघ्या २२ व्या वर्षी मरण पावला.

निपाणीकडचा शेतकरी पेरणीसाठी राखलेले बी अडचणीच्या वर्षीही दळायला काढत नाही. जर्मनीने नेमके तेच केले. १९४२ च्या हिवाळ्यात स्टालिनग्राडच्या वेढ्यात अडकलेल्या सैन्याला रसद पोहोचवण्यासाठी प्रशिक्षण शाळांतील विमाने आणि शिक्षक यांनाच जुंपण्यात आले. १९४४ च्या मे महिन्यापासून कृत्रिम इंधनाच्या कारखान्यांवर बाँबवर्षाव सुरू झाला आणि सरावापुरतेही पेट्रोल उरेना. त्या उन्हाळ्यात नव्या जर्मन वैमानिकाच्या वाट्याला उड्डाणशिक्षणाचे सुमारे ११० तास येत. इंग्रज व अमेरिकन तरुणांना ३०० हून अधिक तास मिळत. मूठभर निष्णात वैमानिक शेवटपर्यंत अजिंक्य भासत राहिले. त्यांच्या शेजारी उडणारी कोवळी मुले मात्र पहिल्या काही उड्डाणांतच मरत होती.

हे कौशल्य कोणाच्या सेवेत रुजू होते, याचाही विसर पडता कामा नये. ज्या राजवटीने लक्षावधी निरपराध ज्यूंचा संहार केला, तिच्याच आकाशाची ही राखण होती. वैयक्तिक धैर्य खरे असले तरी त्याने कार्य पवित्र होत नाही. या वैमानिकांच्या विजयांच्या याद्या वाचताना कौतुक आणि विवेक यांची सांगड सुटू देऊ नये.

सांबऱ्याला आजही भारतीय हवाई दलाची प्रशिक्षण संस्था आहे. तेथे शिकवणाऱ्यांची नावे सहसा विक्रमांच्या यादीत येत नाहीत. तरीही विद्या पुढच्या हाती सोपवणारा माणूस नाहीसा झाला, की कितीही मोठा पराक्रम एका पिढीपुरताच उरतो. शंभर वर्षे ग्रंथ हातोहात पुढे देत आलेल्या या वाचनालयाच्या सभासदांना हे सत्य वेगळे सांगावयास नको.