कालसीच्या वाटेवर
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



डेहराडूनहून हर्बर्टपूर, विकासनगर मागे टाकीत निघालेला रस्ता कालसीपाशी सपाटी सोडतो आणि चक्राता छावणीकडे चढू लागतो. दूनच्या खोऱ्यातील बाजारपेठांना जौनसारची डोंगरी खेडी याच रस्त्याने सांधलेली आहेत. वरून आले, अळकुड्या, भाजीपाला उतरतो. खालून मीठ, कापड, सिमेंट चढते. पावसाळ्यात दरड कोसळली की माल वाटेतच सडतो, आणि आजाऱ्याला खांद्यावरून आणावे लागते.

चढाच्या तोंडाशीच अशोकाची शिळा आहे. ती १८६० साली उजेडात आली. आपल्या सोपाऱ्यास १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना आठव्या लेखाचा केवळ एक तुकडा लाभला. येथे मात्र चौदाही लेख एकाच दगडावर आहेत. त्यांतील दुसऱ्या लेखात राजा सांगतो की, मार्गांवर झाडे लावविली, विहिरी खोदविल्या, त्या पशूंच्या व मनुष्यांच्या उपयोगासाठी. पशूंचे नाव आधी, बरे का!

रस्तारुंदीकरणासाठी वृक्षतोडीस अनुमती देणाऱ्या कित्येक फायलींवर माझी स्वाक्षरी आहे. रुंद रस्ता नको, असे म्हणणारा मी नव्हे. दरडीपलीकडे खोळंबलेली माणसे मी पाहिली आहेत. परंतु झाडे पुन्हा लावली गेली किंवा नाही, हे विचारणारे एकही पत्र मी कधी धाडले नाही. शिळेपुढे उभा असता मला तेच आठवले. परतताना विकासनगरपर्यंत मी काठची झाडे मोजीत आलो.