गोकुळ रोडवरून युरोपला



मी राहतो हुबळीच्या गोकुळ रोडवर. विमानतळ याच रस्त्याला असल्यामुळे आमच्या गच्चीवरून वाळत घातलेले सांडगे आणि उतरणारं विमान एकाच वेळी दिसतात. यंदा जानेवारीत चौथा शनिवार, मग रविवार आणि सोमवारी 26 जानेवारी, अशी तीन दिवसांची सुट्टी जोडून आली. सातवीतल्या आमच्या मुलीने विमानाकडे बोट दाखवून फर्मान काढलं, ‘बाबा, या खेपेला युरोप!’ तिच्या वर्गातली कुणी पॅरिसला जाऊन आली होती. आता आमच्या विमानतळावरून पॅरिसचं विमान सुटत नाही, आणि सुटलं असतं तरी माझ्या पगारात बसलं नसतं.

तोडगा काढला आईने. ती सत्त्याहत्तर वर्षांची. भुईमुगाच्या शेंगा फोडता फोडता म्हणाली, ‘युरोपचं काय एवढं? लहानपणी आम्ही त्याच्या उंबऱ्यावर राहत होतो. कॅसल रॉकला.’

माझे आजोबा रेल्वेत होते. 1888 साली ब्रिटिश मुलखातली रेल्वे पोर्तुगीजांच्या मार्गाला जोडली गेली, तेव्हापासून कॅसल रॉक हे अलीकडचं शेवटचं ठाणं. पुढे गोवा, म्हणजे पोर्तुगालचं राज्य. आईला आठवते ती फलाटावरची झडती. लोक पिशव्या उघडून उभे, आणि एखाद्याच्या मोज्यातून घड्याळ निघायचं. 1955 साली ती वाट बंदच झाली. 1961च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि त्यानंतर गाड्या पुन्हा धावू लागल्या. पुढे आई गोव्याला गेली नाही असं नाही. मंगेशी झाली, शांतादुर्गा झाली. पोर्तुगीजांची जुनी राजधानी, म्हणजे जुनं गोवं, मात्र तिने प्रत्येक वेळी टॅक्सीच्या खिडकीतूनच पाहिलं होतं.

पोर्तुगीजांत एक म्हण होती, की ज्याने गोवा पाहिला त्याला लिस्बन पाहायची गरज नाही. ती मी मुलीला ऐकवली. ‘समुद्र आहे ना?’ एवढंच तिने विचारलं आणि प्रस्ताव मंजूर झाला.

आईच्या हट्टापायी रेल्वेनेच गेलो. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि धारवाडी पेढे बरोबर होतेच. कॅसल रॉकला गाडी बराच वेळ थांबते. पुढच्या घाटात सदतीस फुटांमागे एक फूट असा उतार आहे, त्यामुळे जादा इंजिनं जोडावी लागतात. आई दारात उभी राहून फलाट बघत होती. पलीकडे दाट झाडी, एक चहावाला, दोन कुत्री. ‘झडती इथंच व्हायची,’ ती म्हणाली. मुलीने खाली उतरून सरहद्दीची रेघ शोधली. ती सापडली नाही म्हणून जरा नाराज झाली.

रविवारी पणजीहून जुन्या गोव्याला गेलो. अंतर दहा किलोमीटर. मांडवीच्या धक्क्याकडून आत आलं की व्हाइसरॉयची कमान लागते. नवा व्हाइसरॉय बोटीतून उतरला की याच कमानीखालून शहरात शिरायचा. नदीकडच्या बाजूला वास्को द गामा उभा आहे. आतल्या बाजूला हातात तलवार घेतलेली एक बाई आणि तिच्या पायांखाली आडवा पडलेला माणूस. ‘हा खालचा कोण?’ मुलीने विचारलं. मी जरा घुटमळलो. आई म्हणाली, ‘कोण असणार? आपल्याकडचाच कुणीतरी.’

पुढे से कॅथेड्रल. पांढरंशुभ्र, अवाढव्य, पण एका अंगाने लंगडं. दोन मनोऱ्यांपैकी एक 1776 साली कोसळला, तो पुन्हा बांधलाच नाही. बॉम जेझूसचं चर्च मात्र तांबडं. त्याचा गिलावा गेल्या शतकात काढून टाकला, म्हणून आतला जांभा उघडा पडला आहे. सेंट फ्रान्सिस झेवियरचं शव तिथेच आहे. तिथली रांग मोठी होती आणि त्या रांगेविषयी जास्त सांगण्यात अर्थ नाही.

मला धरून ठेवलं ते टेकडीवरच्या सेंट ऑगस्टीनच्या अवशेषांनी. सेहेचाळीस मीटर उंचीचा एक मनोरा, तोही उभा चिरलेला, अर्धाच उरलेला. छत 1842 साली कोसळलं. चिऱ्यांच्या फटींत गवत वाढलंय. इथली घंटा आता पणजीच्या पायऱ्यापायऱ्यांच्या चर्चमध्ये आहे. एके काळचं हे राजधानीचं शहर का ओसाड पडलं, तर साथींमुळे. जांभ्याच्या सच्छिद्र जमिनीतून सांडपाणी विहिरींत झिरपायचं. पटकी आणि हिवतापाने माणसं मेली, उरलेली निघून गेली, आणि 1843 साली राजधानी पणजीला आली. पाण्यापायी शहराची काय गत होते, हे आम्हा हुबळीकरांना फोड करून सांगावं लागत नाही.

आता खरी गोष्ट. सेंट कॅजेटनच्या चर्चसमोर झाडांच्या सावलीत एक एकटा दरवाजा उभा आहे. नक्षीचे काळे खांब आणि वर आडवा दगड. ना भिंत, ना घर. आई तिथेच थबकली. ‘अरे, हे तर विजापूरचं काम दिसतंय!’ पाटी वाचली तर खरंच आदिलशहाच्या वाड्याचं दार. 1510 साली पोर्तुगीजांच्या अल्बुकर्कने हे शहर विजापूरकरांकडून घेतलं, तो दिवस सेंट कॅथरीनचा, म्हणून कॅथेड्रल तिच्या नावाचं. पण त्याआधी हे गोवं विजापूरच्याच मुलखात होतं. युरोप बघायला निघालो आणि दारात भेटलं ते विजापूर! आणखी एक सांगतो. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज पाद्री 1579 साली गोव्यात उतरला आणि त्याने ख्रिस्ताची कथा लिहिली ती मराठी ओव्यांत, सुमारे अकरा हजार ओव्यांत. ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली छापलं गेलं. म्हणजे या युरोपी शहराला आपली भाषा परकी नव्हती.

त्या दाराजवळच्या सावलीत बसून आम्ही भाकरी-चटणी खाल्ली. मुलीने दाराचे सहा फोटो काढले, कॅथेड्रलचे दोनच.

तेव्हा श्रोतेहो, गोव्याला जाल तर जुन्या गोव्याला वाटेतला अर्धा तास देऊ नका, पुरती एक सकाळ द्या. रविवारी गेलात तर मिसा आटोपेपर्यंत बॉम जेझूसबाहेर थांबावं लागेल. कपडे गुडघे झाकणारे असू द्या. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना बरोबर न्या. आणि कॅजेटनसमोर गाडी थांबवायला सांगा. आमचा टॅक्सीवाला आपणहून तिथे थांबणार नव्हता.